हे घरी असताना

११ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टर म्हणाले, रोज काय होतं ते लिहून ठेवा, पुढच्या वेळी दाखवा. त्यांना दाखवायची वही वेगळी. तीत गोळ्या, बीपी, किती पावलं चालली, एवढंच. ही दुसरी. एका बॅटरीवाल्याने दिलेली डायरी कारखान्यात कोरी पडली होती, ती आणली.

बायकोला, मीनाक्षीला, हॉस्पिटलातून घरी आणून सतरा दिवस झाले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, ती कॉम्प्युटरवर इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाचे फोटो जोडत बसली होती. मी शेजारी पेपर वाचत होतो. माऊस पडल्याचा आवाज आला. मी म्हटलं, "काय पाडलंस?" उत्तर आलं नाही. मेंदूतली एक रक्तवाहिनी तुंबली. उजवा हात लुळा, उजवा पाय ओढत चालते, बोलणं गेलं. समजतं सगळं. वाचताही येतं. शब्द तोंडापर्यंत येतो आणि तिथे अडकतो.

आज कश्मिरा मॅडम आल्या. बोलायला शिकवणाऱ्या. नाशिकच्या आहेत, मराठी बोलतात, हे आमचं नशीब. पेन ड्राइव्हवर एक प्रोग्राम आणला. पडद्यावर चित्र येतं, त्याचं नाव बोलायचं, कॉम्प्युटर माईकमधून ऐकतो. बरोबर आलं तर हिरवं. आठ सेकंदांत काही ऐकू आलं नाही तर लाल. मोबाइलवर नको म्हणाल्या, काकूंची उजवीकडची नजर कमी झालीय, चित्र मोठं हवं.

लावला. चित्र अर्धं उमटेपर्यंत आठातले पाच सेकंद गेलेले. मीनाक्षीने "वा" म्हटलं, मग दम घेऊन "टी". कॉम्प्युटर ऐकायला लागला त्यानंतर. लाल. असे चौदा लाल झाले. मग तिने तोंड खिडकीकडे केलं ते केलंच.

दारात चपला घालताना कश्मिरा मॅडम म्हणाल्या, "काका, पहिले तीन महिने महत्त्वाचे. आत्ता जेवढं बोलतील तेवढं परत येईल. पुढे अवघड होत जातं."

तीन महिने म्हणजे तेरा जानेवारी. मी बरं म्हटलं. खाली येऊन स्कूटरची हवा तपासली. हवा ठीक होती.

१३ नोव्हेंबर

मधुरिमाचा बंगलोरहून फोन. लेकीला मराठी सगळं समजतं, बोलते हिंदी.

"बाबा, नया ले लो ना. मैं अभी ऑर्डर कर देती हूँ."

"नको. दुरुस्त करतो."

"आप हर चीज़ दुरुस्त करते रहते हो यार."

खरं आहे. मिरजेहून एअरफोर्समध्ये वायरलेस फिटर म्हणून आलो, पंधरा वर्षांनी पेन्शन घेऊन इथेच, उत्तरेत, राहिलो. गॅरेजमध्ये हाताने तारा गुंडाळून पहिला स्टॅबिलायझर बनवला, आज इंडस्ट्रियल एरियात अकरा माणसं कामाला आहेत. हे सगळं मोडलेली वस्तू न फेकण्यावर झालं. माझी खरी मिळकत म्हणजे कान. ट्रान्सफॉर्मरचा गुंजारव ऐकून कुठला वेढा सैल आहे ते सांगतो. पोरं गंमत म्हणून डोळ्यांवर पट्टी बांधून परीक्षा घेतात. अजून हरलो नाही.

दुपारी कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या, असं मीनाक्षीला सांभाळणाऱ्या निर्मलजी सांगत होत्या. मी गॅसपाशीच उभा होतो.

१६ नोव्हेंबर, शनिवार

माझं आयुष्य व्होल्टेजवर गेलं, त्यामुळे जगात काहीही बिघडलं की आधी व्होल्टेज बघतो. मीटर लावला, दोनशे एकोणतीस. तरी कारखान्यातून आपला मोठा स्टॅबिलायझर आणून मध्ये टाकला. निर्मलजी बघत होत्या. त्या पिंजौरहून बसने येतात, दहा ते सहा मीनाक्षीपाशी असतात. म्हणाल्या, "भाईसाब, इससे तो पूरी बिल्डिंग चल जाए."

कॉम्प्युटर मात्र तसाच. पेपर उघडायला सांगितलं, तेवढ्यात मी दाढी करून आलो.

२१ नोव्हेंबर

डबा उघडला. धूळ काढली, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी जुनी मलई पुसून नवी लावली. त्यावरच्या पत्र्याच्या पाखांना हात लावला तर थंडगार. काम करणारी वस्तू तापते. ही तापतच नाही, म्हणजे काम करत नाही. पंखा सावकाश फिरतो, अजिबात आवाज नाही.

हा पंखा पूर्वी फार वाजायचा. मीनाक्षी मंडळाचे व्हिडिओ जोडायला लागली की विमान उडतंय असं वाटायचं. बेअरिंग गेलेलं, मला शेजारच्या खोलीत ऐकू यायचं. मी म्हणायचो, "तुझं ते जातं बंद कर गं, डोकं उठतं." बदलून देतो असंही म्हटलं होतं. मग दोन वर्षांपूर्वी आपोआप वाजायचा थांबला. तीस वर्षांत आपोआप बरं झालेलं एवढं एकच यंत्र पाहिलं.

आज स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पंख्याच्या मध्यावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. बेअरिंग असंच तपासतात. मीनाक्षी खुर्चीतून बघत होती, ती हसली. हसणं पूर्वीसारखंच आहे, त्याला काही झालेलं नाही. मग डावा हात स्वतःच्या कानाला लावला, नंतर माझ्याकडे बोट केलं. परत कान, परत मी. मी विचारलं, "कान दुखतो?" मान हलवली, नाही. "कमी ऐकू येतं?" नाही. शेवटी डोळे मिटून घेतले. तिला दमवलं मी.

कानात काहीतरी आहे नक्की.

२५ नोव्हेंबर

कानाच्या डॉक्टरकडे नेलं. दोन जिने उतरवायला अर्धा तास. डॉक्टर तरुण सरदारजी. दोन्ही कानांत बघून म्हणाले, "माताजी के कान मेरे से भी बढ़िया हैं." मीनाक्षी माझ्याकडे बघत राहिली. गाडीत बसल्यावर परत तेच, कान आणि माझ्याकडे बोट. मी म्हटलं, "अगं, स्वच्छ आहेत म्हणाले ना." तिने डाव्या हाताने माझ्या गुडघ्यावर एक चापट मारली. जोरात.

२८ नोव्हेंबर

इंद्रजित आले. खालच्या मजल्यावर राहतात, नागपूरचे, सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेत. इतके दिवस मुलीकडे होते. त्यांना बोलवायला मला कमीपणा वाटत होता, हेही इथे लिहून ठेवतो.

"अरे बाप्पा, रघुनाथराव! पेशंट न तपासताच स्टॅबिलायझर पाजला?"

त्यांनी एक पान उघडून दाखवलं. प्रोसेसर किती वेगाने चालतोय त्याचा आकडा तिथे असतो. मूळ वेग तीन पूर्णांक दोन. आत्ता चाललाय शून्य पूर्णांक एकोणऐंशी. त्यांनी एकदम दहा खिडक्या उघडल्या, वेग वाढायला हवा. आकडा हलला नाही.

"हा काम नसलं की वेग कमी करतो, वीज वाचवतो. काम आलं की वाढवायला पाहिजे. तुमचा वाढवतच नाही. पहिल्या गिअरमध्ये अडकलाय."

"कशामुळे?"

"तीनच कारणं. तापतो म्हणून घाबरतो, वीज कमी मिळते, नाहीतर कोणीतरी त्याला सांगून ठेवलंय की याच्यावर जाऊ नको."

तापत नाही हे मी हाताने पाहिलंय. सांगणार कोण? घरात दोन माणसं. म्हणजे वीज. मी म्हटलंच होतं.

४ डिसेंबर

आतला वीजपुरवठ्याचा डबा बदलला. ०.७९.

७ डिसेंबर, शनिवार

बोर्डावरचा बटणासारखा सेल बदलला, त्या बोर्डाची सगळी मूळ रचना कारखान्यातून निघाल्यासारखी केली. घड्याळ मागच्या कुठल्यातरी वर्षात गेलं. त्या वर्षी आम्ही मोरनीला गेलो होतो, ती तळ्याच्या कडेने माझ्यापुढे चालत होती. तारीख दुरुस्त केली. ०.७९.

सेल आणायला सेक्टर वीसला गेलो होतो. परत आलो तर निर्मलजी दारातच, "भाईसाब, आज मैडम बोलीं! पाणी! साफ़ बोलीं, पाणी!"

आत जाऊन पेला पुढे धरला. "मीनाक्षी, काय हवं? म्हण. पा..." तिने पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. "पा..." मीच म्हटलं, "...णी! शाब्बास." तिने पेला घेतला आणि न पिता टेबलावर ठेवला.

निर्मलजींना भास झाला असेल. माझ्या कानांवर आल्याशिवाय मी धरत नाही.

१२ डिसेंबर

कारखान्यातला लॅपटॉप आणला, तात्पुरता. मीनाक्षीने डाव्या हाताने त्याचं झाकण बंद केलं. मी उघडलं. तिने बंद केलं. तिसऱ्यांदा मी नाही उघडलं. आपल्या टेबलाशी जाऊन बसली आणि त्या मंद पडद्याकडे बघत राहिली. डावा हात माऊसवर, पण बाण कुठे नेतेय ते मला कळेना, बाणही दोन सेकंद मागे. खालच्या कोपऱ्यात काहीतरी शोधत होती. मी म्हटलं, "थांब, मी करतो," आणि माऊस घेतला. काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. तिने हात मांडीवर ठेवला.

१८ डिसेंबर

कश्मिरा मॅडम. प्रगती नाही. कागदी चित्रं दाखवली. विळीचं चित्र आलं. मीनाक्षी "वि..." म्हणाली, ओठ तसेच ठेवून थांबली. मी म्हटलं, "विळी."

कश्मिरा मॅडमनी चित्रं खाली ठेवली. "काका, हे तेरावं."

"काय तेरावं?"

"तेरा शब्द तुम्ही सांगितले. मी मोजतेय. तुम्ही ना, काकूंच्या तोंडातून शब्द काढून घेताय."

"मदत करतोय हो."

"माहितीये मला. पण त्या थांबतात ना, तेव्हाच खरं काम चाललेलं असतं. तुम्हाला ते थांबणं ऐकवत नाही." मग हसून म्हणाल्या, "तुम्ही कारखान्यात का नाही जात? अकरा माणसं वाट बघत असतील."

मी म्हटलं, हिला सोडून कसा जाऊ. मॅडमनी चित्रं पिशवीत भरली.

सव्वा दोन महिने झाले, कारखान्याचं तोंड पाहिलं ते येता-जाता वस्तू उचलायला. पोरं फोन करतात, साहेब, अमुक ट्रान्सफॉर्मर वाजतोय, ऐका. फोन जवळ धरतात. मला सगळे सारखेच वाटतात.

२२ डिसेंबर, रविवार

धुकं. गच्चीवर गेलो, समोरची इमारत दिसत नव्हती. चहा घेतला. त्यात साखर नव्हती, असं पेला धुताना लक्षात आलं.

२६ डिसेंबर

इंद्रजितचा फोन. नाताळात मोहालीला मुलीकडे आहेत. "झालं का?"

"सगळं बदललं. आता फक्त बाहेरचा डबा बदलायचा राहिला."

"तिसरं कारण बघितलं?"

"सांगणार कोण, इंद्रजितराव?"

"अहो, बघायला काय जातं! मी सांगतो तसं उघडा. पॉवर ऑप्शन्स."

मीनाक्षी आत झोपली होती, दुपारचे तीन. फोन खांद्याला दाबून धरला. ते सांगत गेले, मी उघडत गेलो. हे पान म्हणजे कॉम्प्युटरने कधी किती जोर लावायचा त्याचे नियम. वेगवेगळे नियम करून त्यांना नावं देता येतात, खालच्या कोपऱ्यातून बदलता येतात.

"काय काय नावं दिसतात? बॅलन्स्ड असेल, अजून एखादं."

दोन नावं होती. मराठीत टाइप केलेली.

पहिलं: हे कारखान्यात असताना.

दुसरं: हे घरी असताना.

ठिपका दुसऱ्यावर होता.

"हॅलो? रघुनाथराव? काय दिसतं?"

मी म्हटलं, सापडलं, करतो फोन. चष्मा पुसला. परत वाचलं. दुसऱ्याच्या आत गेलो. प्रोसेसरचा जास्तीत जास्त जोर, पंचवीस टक्के. पहिल्यात शंभर.

ती आजारी पडली तो रविवार होता. मी घरी होतो. त्यानंतर मी घरीच आहे.

ठिपका पहिल्यावर नेला. दोन-तीन सेकंद काही नाही. मग पंखा वर चढला, चढतच गेला, बेअरिंग खरखरायला लागलं, तेच जुनं विमान. आकडा पाहिला, तीन पूर्णांक दोन.

मागे पाय ओढल्याचा आवाज. मीनाक्षी दारात, भिंतीला धरून. कोणाच्या मदतीशिवाय पहिल्यांदाच अंथरुणातून उठून आली होती. मान जोरजोरात हलवत होती, नको, नको. डावा हात कानाला, मग माझ्याकडे बोट.

म्हणजे माझ्या कानाचं होतं ते.

मी म्हटलं, "बस. पडशील." तिला खुर्चीत बसवलं. मग पंखा ऐकत बसलो. बेअरिंग डावीकडून झिजलंय.

३० डिसेंबर, सोमवार

दहा ते दोन कारखान्यात जातो. पोरांनी गेटवर झेंडूची माळ लावली होती, मूर्ख लेकाचे.

परत आलो, दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावरूनच पंखा ऐकू आला. किल्ली कुलपात घातली, फिरवली. पंखा खाली आला, बंद झाल्यासारखा. आत गेलो तर मीनाक्षी पडद्यासमोर, डावा हात माऊसवर, ठिपका दुसऱ्या नावावर. चित्र अर्धंच उमटलेलं.

"राहू दे गं. मला चालतो आवाज."

ती हसली आणि मान हलवली. पटलेलं नाही असा अर्थ.

निर्मलजींनी दाखवलं, दोन तासांत एकवीस हिरवे. मी म्हटलं, माझ्यासमोर एक म्हण ना. म्हणाली नाही.

ते दुसरं नाव मी पुसून टाकू शकतो. चार बटणांचं काम आहे. बघत बसलो. पुसलं नाही.

३ जानेवारी

परत तेच. किल्लीचा आवाज, आणि पंखा खाली. आज बेल न वाजवता, पाय न वाजवता चढलो होतो. तरी कळलं तिला. तिचे कान बढ़िया आहेत, सरदारजी म्हणालेच होते.

सत्तावीस हिरवे.

७ जानेवारी, मंगळवार

आज कारखान्यात एका नव्या ट्रान्सफॉर्मरपाशी उभा होतो, मध्येच म्हटलं, "वरून चौथा वेढा." पोरांनी उघडला. वरून चौथा. सगळे ओरडले. मलाही जरा बरं वाटलं असावं.

येताना सेक्टर वीसहून पंखा घेतला, बेअरिंगवाला, बिनआवाजाचा. बसवायला पाच मिनिटं. दोन वर्षं लागली. पिशवी नको म्हटलं, कोटाच्या खिशात टाकला.

धुक्याने उशीर झाला, सव्वादोन. जिना चढलो. पंखा वाजत होता. किल्ली काढली, आणि आतून तिचा आवाज आला.

"छ... त्री."

मग टिंग, हिरव्याचा आवाज असतो तो. मग पुढचं चित्र आलं असणार. थोडा वेळ फक्त पंखा.

"वि..."

किल्ली कुलपापासून चार बोटं. शब्द माझ्या जिभेवर होता, दातांपर्यंत आला. पंखा खरखरत होता. मी सेकंद मोजले. चार. पाच. सहा.

"...ळी."

टिंग.

वरच्या मजल्यावरच्या आँटीजी भाजी घेऊन चढत होत्या. "क्या हुआ भाईसाब, चाबी नहीं है?"

"है जी."

"फिर?"

"बस, जा रहा हूँ अंदर. थोड़ी देर में."

त्या चमत्कारिक बघत वर गेल्या. किल्ली खिशात टाकली, पंख्याच्या खोक्याशेजारी. एक मजला उतरून इंद्रजितच्या दाराबाहेर पायरीवर बसलो.

तिथूनही शब्द ऐकू येत होते, आणि ते पुरे करायला माझी जीभ वळवळत होती. आणखी एक मजला उतरलो.